पिंपापर्यंत पोचलेला कायदा

पाय सुजलेत. लाहोर डिव्हिजनला दक्षिणेकडच्या आघाडीवरून घाईघाईने इकडे आणलंय, दगडी फरसबंदीच्या निसरड्या रस्त्यांवरून चालवत. आज २६ एप्रिल १९१५. दुपारचे दोन वाजून गेलेत आणि तुम्ही बेल्जियममधल्या ईप्र या गावाबाहेर, उघड्या शेतातून पुढे सरकताय. तुमची पलटण ५७वी वाइल्ड्स रायफल्स. डावी-उजवीकडे पठाण, डोगरे, पंजाबी. समोर जर्मन खंदक.

त्या खंदकांच्या कडेवरून धूर निघताना दिसतो. पण हा धूर वर जात नाही. हिरवट-पिवळा, जमिनीला धरून, प्रत्येक खड्ड्यात उतरत तो तुमच्याकडे येतो. तुम्ही एकविसाव्या शतकातले आहात, म्हणून वास लगेच ओळखता: पाणीपुरवठ्याच्या टाकीवर येतो तोच क्लोरीनचा वास, पण शेकडो पटींनी तीव्र. शेजारच्या शिपायाला तो ओळखायचं काहीच कारण नाही. तो तुमच्याकडे बघतो, काहीतरी विचारायला तोंड उघडतो आणि तेवढ्यात त्याला ठसका लागतो.

"फेटा भिजवा! तोंडावर धरा!" कुणीतरी ओरडतं. तुम्ही बाटलीतलं उरलंसुरलं पाणी फेट्याच्या शेवावर ओतता. डोळे चरचरतात, छाती आवळते, श्वास आत जातो पण पुरत नाही. पलटणीतले इंग्रज अधिकारी एकामागून एक पडलेत. मीर दस्त नावाचा एक जमादार विखुरलेल्या माणसांना हाका मारून गोळा करतो, मागे फिरायचा हुकूम येईपर्यंत जागा सोडत नाही, आणि नंतर गोळीबारात आठ जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी पोचवायला हातभार लावतो. त्यालाही वायूने धरलंय. या दिवसासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळेल.

चार दिवसांपूर्वी, २२ एप्रिलच्या संध्याकाळी, याच आघाडीवर जर्मनांनी ५,७३० नळकांड्यांचे कॉक उघडून दीडशे टनांच्या आसपास क्लोरीन वाऱ्यावर सोडला. तो फ्रेंच आणि अल्जीरियन तुकड्यांवर गेला. या कामावर देखरेख करत होता फ्रिट्झ हाबर, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत शोधणारा रसायनशास्त्रज्ञ. हा क्लोरीन युद्धासाठी वेगळा शोधून काढलेला नव्हता. जर्मन रंग उद्योगात तो रोज लागायचा, रोज बनायचा. कारखान्यातला माल नळकांड्यात भरला आणि खंदकात नेऊन पुरला, एवढंच.

इथून तुम्हाला काळात हवं तिथे जाता येईल. अट एकच. जिथे उतराल तिथे विचारायचं: या क्षणी इथे कुठला कायदा लागू आहे, आणि तो कुठे संपतो?

पहिली उडी मागे घ्या. २९ जुलै १८९९, नेदरलँड्समधलं हेग. परिषदेच्या दालनात तुमच्यासमोर एक जाहीरनामा आहे. गुदमरवणारे किंवा अपायकारक वायू पसरवणं हाच ज्यांचा एकमेव उद्देश आहे असे तोफगोळे वापरायचे नाहीत, असं त्यात लिहिलंय. जर्मनीने हा मान्य केलाय. म्हणजे ईप्रच्या सोळा वर्षं आधी कागद तयार होता! तुम्ही तो पुन्हा वाचता आणि 'तोफगोळे' या शब्दाशी अडखळता. नळकांडं म्हणजे तोफगोळा नव्हे. ते कुणी फेकत नाही, फक्त त्याचा कॉक उघडतात. १९१५ मध्ये जर्मनीच्या बाजूने नेमका हाच बचाव केला गेला. युद्धात विष वापरू नये हे १९०७ च्या हेग नियमांतही होतं, पण पळवाट शोधणाऱ्याला तेवढी एक ओळ पुरली.

पुढे चला. १७ जून १९२५, जिनिव्हा. महायुद्धात वायूने सुमारे नव्वद हजार माणसं मेली, दहा लाखांहून जास्त जायबंदी झाली. या वेळी मसुदा करणाऱ्यांनी धडा घेतलाय. गुदमरवणारे, विषारी किंवा तत्सम वायू, द्रव, पदार्थ आणि साधनं, सगळंच युद्धात वापरायला मनाई. तोफगोळा की नळकांडं हा प्रश्नच शिल्लक नाही. पण 'वापर' या शब्दापलीकडे हा कागद जात नाही. बनवायला बंदी नाही, साठवायला नाही, चाचणी घ्यायला नाही. शिवाय सही करताना कित्येक देशांनी वर पुरवणी जोडलीय: समोरच्याने आधी वापरला तर आम्ही बांधील नाही. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या वतीनेही अशाच अटी घालून त्याला मान्यता दिलीय.

बनवायला आणि चाचणीला मोकळीक म्हणजे काय, ते बघायला रावळपिंडीला उतरा. १९३० चं दशक चालू आहे. तुमच्या अंगावर खाकी अर्धी चड्डी आणि सुती सदरा आहे. तुम्हाला वायूच्या खोलीत उभं केलंय. आत मस्टर्ड वायू सोडला जातोय, कारण गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीवर त्याचा परिणाम कमी होतो की जास्त, हे इंग्लंडहून आलेल्या शास्त्रज्ञांना मोजायचंय. फोड संध्याकाळी उठतील. अशा चाचण्यांत काही शे हिंदी शिपाई वापरले गेले. तुमची अट आठवा. जिनिव्हाचा करार लागू आहे. त्याचा भंग झालाय का? नाही. इथे युद्ध कुठे चालू आहे?

आता साठ वर्षांची मोठी उडी. १९ ऑगस्ट १९९२, नवी दिल्ली. टेबलाच्या एका बाजूला भारताचे परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानचे शहरयार खान. दोन्ही सरकारं संयुक्त घोषणेत लिहून देतात की रासायनिक अस्त्रं आम्ही कुठल्याही परिस्थितीत विकसित करणार नाही, बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही. उत्पादनाचं कलम पहिल्यांदाच डोळ्यांसमोर येतं, म्हणून तुम्ही खूश होता. मग लक्षात येतं की या घोषणेत तपासणी करणारं कुणीच नाही. शब्द दिलाय, तो पाळला जातोय का हे बघायला कुणी गोदामात शिरणार नाही.

पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये ती उणीव भरून निघते. १३ जानेवारी १९९३ ला रासायनिक अस्त्रबंदी करार सह्यांसाठी खुला होतो आणि पहिल्या तीन दिवसांत १३० देश सही करतात. भारताची सही १४ तारखेची. या करारात बनवणं, साठवणं, देणं-घेणं, वापरणं सगळं बंद. ज्यांच्याकडे साठा आहे त्यांनी तो जाहीर करायचा आणि नष्ट करायचा. आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक येऊन बघणार.

त्यातली सगळ्यात हुशार ओळ शोधायला व्याख्यांच्या पानावर या. अस्त्र कशाला म्हणायचं हे ठरवताना मसुदाकारांनी केवळ रसायनांच्या नावांवर भिस्त ठेवलेली नाही. कुठलंही विषारी रसायन अस्त्रच धरायचं. अपवाद फक्त शेती, उद्योग, औषध, संशोधन अशा मान्य कामांसाठी असलेल्या रसायनाचा, आणि तोही प्रकार व प्रमाण त्या कामाला शोभेसं असेल तरच. हेतू आणि प्रमाण, दोन्ही. उद्या कुणी नवं विष शोधलं तर कराराची व्याख्या त्याच्यासाठी आधीच तयार आहे.

आता तरी पळवाटा बुजल्या, असं वाटत असेल तर एक तिकीट आणखी काढा.

२० मार्च १९९५, सोमवार, टोकिओ. सकाळचे आठ वाजायला आलेत. तुम्ही भुयारी रेल्वेच्या डब्यात, कासुमिगासेकीकडे निघालात; सरकारी कचेऱ्या तिथेच आहेत, त्यामुळे डबा खच्चून भरलाय. पायाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पडलंय. एक माणूस छत्रीचं टोक त्यात खुपसतो आणि पुढच्या स्टेशनवर उतरून जातो. फरशीवर ओघळ येतो. वास जवळपास नाहीच. आधी दिवे मंद झाल्यासारखे वाटतात. दिवे तसेच आहेत, तुमची बुबुळं आवळलीत. नाक गळायला लागतं. समोरची बाई खाली बसते आणि उठत नाही. तुम्ही फलाटावर येऊन कोसळता तेव्हा आजूबाजूला शेकडो माणसं तशीच पडलेली असतात. पाच गाड्यांत हे एकाच वेळी घडलंय. डझनभराहून जास्त मृत्यू, हजारो माणसं रुग्णालयात.

ते सारीन होतं. ओम् शिनरिक्यो नावाच्या पंथाने फुजी पर्वताच्या पायथ्याशी, कामिकुइशिकी गावातल्या आपल्या आवारात ते बनवलं. पंथाकडे शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, पैसा होता, रसायनं विकत घ्यायला नावापुरत्या कंपन्या होत्या. नऊ महिन्यांपूर्वी, जून १९९४ मध्ये, मात्सुमोतो शहरात त्यांनी तेच वापरून माणसं मारलेली होती. त्यांच्या आवाराजवळच्या मातीत सारीनचे अवशेष सापडल्याची बातमी १९९५ च्या पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रात आलेली होती.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. जपानने पॅरिसला सही केलेली होती ना? केलेली होती. पण अजून देशात कायदा झालेला नव्हता. सारीन वापरून खून करणं हा गुन्हा होता. सारीन नुसतं बनवणं हा गुन्हा ठरवणारं कलमच पुस्तकात नव्हतं. करार देशाने केला, आणि सारीन बनवलं नागरिकांनी. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर झाला म्हणून तिसऱ्या मजल्यावरची गळती थांबत नाही. कुणाला तरी पाना घेऊन वर जावं लागतं. जपानने तो पाना घाईघाईने उचलला: एप्रिल १९९५ मध्येच रासायनिक अस्त्रं आणि सारीन यांच्याविरुद्ध दोन कायदे केले, आणि सप्टेंबरात कराराला मान्यता दिली.

करार करणाऱ्यांना हे आधीच दिसलेलं होतं. सातवं कलम त्यासाठीच आहे. प्रत्येक देशाने आपल्या हद्दीतल्या माणसांना आणि कंपन्यांना ही कृत्यं करायला मनाई करायची, त्यासाठी शिक्षा ठरवायची, परदेशातल्या आपल्या नागरिकांनाही ती लागू करायची, आणि हे सगळं सांभाळायला एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचं.

आता दिल्ली. सप्टेंबर १९९६ मध्ये भारत कराराला मान्यता देतो, २९ एप्रिल १९९७ ला करार जगभर लागू होतो, पुढच्याच आठवड्यात मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली राष्ट्रीय प्राधिकरण उभं राहतं. जून १९९७ मध्ये तुम्ही साउथ ब्लॉकच्या व्हरांड्यात उभे आहात आणि कुजबुज ऐकता: आपण साठा जाहीर केलाय. पुढे जो आकडा प्रसिद्ध झाला तो १,०४४ टन सल्फर मस्टर्डचा, बहुतेक सगळं पिंपांत आणि टाक्यांत, तोफगोळ्यांत भरलेलं अगदी थोडं. पाच वर्षांपूर्वीच्या त्या संयुक्त घोषणेची आठवण तुम्हाला येते, पाकिस्तानलाही येते. टीका होते. पण निरीक्षक येणार असतील तर लपवून ठेवण्यात अर्थ उरत नाही, आणि करार आहे तो त्याचसाठी. नुसत्या शब्दापेक्षा तपासणीची भीती जास्त खरं बोलायला लावते.

२६ ऑगस्ट २०००. रासायनिक अस्त्रबंदी करार अधिनियम, २००० चा चौतिसावा कायदा, याला राष्ट्रपतींची संमती मिळते. त्या वेळी केंद्रात रसायन आणि खते खातं राजापूरचे खासदार सुरेश प्रभू यांच्याकडे आहे. राजपत्राची प्रत हातात घ्या. जाडजूड लागते, कारण आंतरराष्ट्रीय करारच परिशिष्ट म्हणून मागे जोडलाय. चाळत जा. कुणाही व्यक्तीने रासायनिक अस्त्र विकसित करायचं नाही, बनवायचं नाही, मिळवायचं नाही, साठवायचं नाही, वापरायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. मोडलं तर किमान एक वर्ष, आणि वरची मर्यादा जन्मठेप, शिवाय दंड. कायदा भारतभर तर आहेच, पण भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांना आणि भारतीय कंपन्यांच्या परदेशी शाखांनाही. पंथ असो, प्राध्यापक असो, व्यापारी असो, 'कुणाही व्यक्तीने' यात सगळे आले.

शेवटचं पान उलटल्यावर तुम्ही विचारता, लागू कधीपासून? उत्तर ऐकायला पाच वर्षं थांबावं लागतं. १ जुलै २००५. करार लागू झाल्यापासून मोजलं तर आठ वर्षांहून जास्त काळ. टोकिओत जे महिन्यात झालं त्याला इथे एवढा वेळ लागला, हे लपवायचं कारण नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात एक चक्कर हेगला मारा. आरोपीच्या जागी फ्रान्स फान आनराट हा डच व्यापारी बसलाय. त्याने कधी वायू सोडला नाही, बंदूक उचलली नाही. ऐंशीच्या दशकात त्याने सद्दामच्या इराकला थायोडायग्लायकॉल विकलं, टनांनी. शाईत आणि कापडछपाईत लागणारं रसायन. त्यापासून बनलेलं मस्टर्ड इराणी गावांवर आणि इराकमधल्या कुर्दांवर पडलं. न्यायालय त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा देतं. अपिलात ती सतरा होते. पुरवठादाराच्या बिलावर शेवटी कुणाची सही होती, हे पहायला जगाला वीस वर्षं लागली. ते वीस वर्षांनी नको, माल गोदामातून निघताना पहावं, म्हणून देशोदेशीचे कायदे.

म्हणजे आता कारखान्यात जायला हवं.

कोकणातली एक एमआयडीसी, २००८ चा पावसाळा. रोहा, महाड, लोटे, अशा कुठल्याही वसाहतीत शोभेल असा हा कारखाना तुमच्यासाठी उभा केलाय, म्हणून फाटकावर पाटी नाही. तुम्ही इथले उत्पादन व्यवस्थापक. इथे थायोनिल क्लोराइड बनतं. औषधं, रंग, कीटकनाशकं बनवणारे कारखाने ते घेतात. ते कराराच्या तिसऱ्या सूचीत आहे.

सूची तीन आहेत. पहिलीत सारीन, मस्टर्ड, व्हीएक्स अशी जवळपास केवळ मारायच्या कामाची रसायनं. एका देशाने सगळी मिळून एक टनापेक्षा जास्त जवळ ठेवायची नाहीत. दुसरीत त्यांच्या एक पायरी अलीकडची, थोडाफार औद्योगिक उपयोग असलेली. तिसरीत मोठ्या प्रमाणावर खपणारी: थायोनिल क्लोराइड, सौंदर्यप्रसाधनांत जाणारं ट्रायइथेनॉलअमाइन, आणि फॉस्जीन, ज्याने पहिल्या महायुद्धात क्लोरीनपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारली आणि जे आज प्लास्टिक उद्योगाला रोज लागतं. तिसऱ्या सूचीतलं एखादं रसायन वर्षाला ३० टनांच्या वर बनवलं तर ते जाहीर करावं लागतं. २०० टनांच्या वर गेलं की निरीक्षक येऊ शकतात. तुमचा कारखाना २०० च्या बराच वर आहे.

स्टोअरमधला मुलगा धावत येतो. "साहेब, दिल्लीहून फोन होता. पाहुणे येतायत."

"किती दिवसांत?"

"पाच."

१२० तासांची सूचना, नियमाप्रमाणे. तुम्ही फायली काढायला सांगता. मागच्या वर्षाचं प्रत्यक्ष उत्पादन मार्चअखेर कळवलेलं, पुढच्या वर्षाचा अंदाज ऑक्टोबरअखेर. कागद नीट आहेत, तरी पोटात गोळा येतोच.

स्टोअरचे मामा, तीस वर्षं याच गोदामात काढलेले, चष्म्यावरून बघतात. "फॅक्टरी इन्स्पेक्टर येतात, प्रदूषण मंडळाचे येतात, ते समजलं. हे कुठले?"

"हेगचे, मामा. कराराच्या कचेरीतले. हॉलंडात."

"आपल्या पिंपांशी त्यांचं काय?"

तुम्ही ईप्र पाहिलंय, टोकिओचा फलाट पाहिलाय. तरी सांगताना तुम्ही साधंच बोलता. "आपण लिहून दिलंय तेवढंच बनतं का, आणि ते जातं कुठं, ते बघायचंय त्यांना."

"मग माझ्या वहीत आहे की सगळं."

निरीक्षक येतात. वेगवेगळ्या देशांचे, सोबत राष्ट्रीय प्राधिकरणाची माणसं. पावसाने रस्ता खचलाय, म्हणून अर्धा तास उशीर. आधी तुम्ही कारखान्याची माहिती देता: नकाशा, प्रक्रिया, सुरक्षेचे नियम, कुठे मास्क लागेल, कुठे मोबाइल चालणार नाही. घड्याळ चालू आहे. या तपासणीला २४ तास मिळतात. मग फेरी. रिॲक्टर, पाइपलाइन, टाक्या, भरण्याची जागा. त्यांना मुख्यतः बघायचंय की पहिल्या सूचीतलं काही बनवायची सोय या आवारात कुठे दडलेली नाही. तुम्हाला काळजी वेगळीच: आमची प्रक्रिया यांच्या वहीतून दुसऱ्या कंपनीकडे गेली तर? सोबतचा अधिकारी समजावतो. गोपनीयता कराराने आणि कायद्याने बांधलेली आहे. जी गोष्ट तपासणीला लागत नाही ती झाकून ठेवता येते.

संध्याकाळी आकडे जुळवायला बसता. कच्चा माल किती आला, माल किती निघाला, किती विकला, किती शिल्लक. एका महिन्यात तीन टनांचा फरक निघतो. खोलीत शांतता. संगणकात एक आकडा, उत्पादनाच्या तक्त्यात दुसरा. पथकप्रमुख बाई सरळ आवाजात विचारतात, "हे तीन टन कुठे गेले?"

तुम्हाला आठवत नाही. तुम्ही मामांना बोलावता. मामा आपली जाडी, कोपरे झिजलेली वही घेऊन येतात, बोट ठेवतात. त्या महिन्यात एक बॅच गुणवत्तेत बसली नाही, ती परत प्रक्रियेत गेली. संगणकाने ती दोनदा मोजली. तारीख, पाळी, टाकीचा नंबर, सुपरवायझरची सही, सगळं तिथे आहे. दुभाष्या न लागता बाईंना ते कळतं. त्या मामांच्या वहीचा फोटो मागतात. मामा तुमच्याकडे बघतात, तुम्ही मान हलवता.

प्राथमिक अहवालावर दुसऱ्या दिवशी सही होते. कुठेही काही सापडलं नाही. हीच बातमी, आणि ती कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही. १८९९ पासून तुम्ही ज्या कागदांच्या मागे धावताय, त्यातला सगळ्यात खालचा कागद आज तुमच्या हाताशी आला: गोदामातल्या वहीची एक ओळ. ती ओळ खरी असेल तर हेगमधला आकडा खरा. ती खोटी असेल तर वरच्या सगळ्या सह्या पोकळ.

नोंदींचं आणि तपासणीचं हे जाळं नीट बसवतानाही चुका होतात. मूळ कायद्याने विषारी रसायनांशी संबंध असलेल्या सगळ्यांना नोंदणी सक्तीची केलेली होती, प्रमाण कितीही असो. एवढ्यांची नोंदणी कोण करणार आणि कशासाठी? २०१२ च्या दुरुस्तीने ती सक्ती कराराने ठरवलेल्या मर्यादेच्या वरच्यांपुरती ठेवली. मोठं जाळं टाकण्यापेक्षा बरोबर मापाचं टाकावं, हे कायद्यालाही शिकावं लागतं.

दोन धावत्या थांब्यांनंतर तुम्ही आजच्या दिवसात परताल. मार्च २००९: भारताच्या साठ्यातलं शेवटचं मस्टर्ड निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट होतं. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर हे पूर्ण करणारा भारत तिसरा देश. ७ जुलै २०२३: अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लष्करी तळावर सारीन भरलेलं शेवटचं रॉकेट संपतं, आणि जगाने जाहीर केलेला ७२,३०४ टनांचा साठा संपतो.

'जाहीर केलेला' हे शब्द तुम्ही आता सहज सोडत नाही. सीरिया २०१३ मध्ये करारात आला, साठा दिला. तरी २०१८ मध्ये सराकिब आणि दूमा इथे क्लोरीनची नळकांडी सीरियाच्याच हवाई दलाने टाकली, असा निष्कर्ष कराराच्या तपास पथकाने काढला. क्लोरीन तिन्हींपैकी कुठल्याच सूचीत नाही, प्रत्येक नगरपालिकेच्या जलशुद्धीकरणात तो असतो. तरी तो टाकणारा गुन्हेगार ठरतो, कारण पॅरिसच्या त्या व्याख्येत हेतू लिहिलाय. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत २०१८ मध्ये नोविचोक नावाचं विष वापरलं गेलं. तेव्हा ते सूचीत नव्हतं, आता पहिल्या सूचीत आहे. १९३ देश करारात आहेत. इस्राएलने सही करून मान्यता दिलेली नाही. इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान बाहेरच आहेत. पळवाटा अजून आहेत, आणि त्या आता करारांपेक्षा बिलांमध्ये जास्त शोधाव्या लागतात.

आज. कोकणातला तोच कारखाना. मामा निवृत्त झालेत, वही गेली, पडद्यावर तक्ता आलाय. मुंबई ऑफिसमधून निर्यात विभागाचा तरुण अधिकारी फोनवर आहे, आवाजात उत्साह मावत नाही. आखातातल्या एका बंदरावरच्या दलालाने चाळीस टनांची ऑर्डर दिलीय, भाव बाजारापेक्षा चढा, आगाऊ पैसे द्यायला तयार.

"माल शेवटी कुणाकडे जाणार?" तुम्ही विचारता.

"दलालाकडे, सर."

"दलाल चाळीस टन पिणार आहे का? वापरणारा कोण, कुठल्या देशात, कशासाठी? ते अंतिम वापराचं पत्र कुठंय?"

"मागितलंय. तो म्हणतो, जहाज सुटू दे, पत्र पाठवतो. सर, शुक्रवारचं जहाज चुकलं तर गिऱ्हाईक जाईल. एका पानासाठी एवढी ऑर्डर घालवायची?"

तुम्ही पडद्यावरच्या तक्त्यात 'अंतिम वापरकर्ता' हा रकाना बघता. रिकामा आहे. फान आनराटला कुणी हा प्रश्न जहाज सुटण्याआधी विचारला असता तर काय झालं असतं, हे या मुलाला सांगत बसायला वेळ नाही. त्याची गरजही नाही. कायद्याने तुम्हाला उपदेश करायला नेमलेलं नाही, माल अडवणं तेवढं तुमच्या हातात आहे.

"गेलं तर जाऊ दे," तुम्ही म्हणता. "खरं गिऱ्हाईक असेल तर पान पाठवेल. तोवर एकही पिंप फाटकाबाहेर काढू नका, आणि हे मला मेलवर लिहून पाठव."